वीस ठोके

माझं टेबल आणि दादाची डार्करूम यांच्यामध्ये फळ्यांची एक भिंत होती. तिच्यातून तो मला दिसायचा नाही, पण ऐकू मात्र सतत यायचा. एक, दोन, तीन, चार. मग थोडी शांतता, पाणी हलल्याचा आवाज, आणि पुन्हा एक, दोन, तीन. आमच्या फोटो स्टुडिओत टचिंगचं काम माझ्याकडे होतं. फोटो छापताना धुळीमुळे जे पांढरे ठिपके राहतात, ते बारीक ब्रशने शाई लावून भरायचे. मान खाली घालून लोकांच्या कपाळावरची धूळ मिटवायची आणि भिंतीपलीकडचे आकडे ऐकायचे, यात माझी एकोणीस वर्षं गेली. तक्रार म्हणून सांगत नाही. दुपारी त्या आकड्यांची अशी गुंगी यायची की हातातला ब्रश हातातच राहायचा, आणि समोरच्या फोटोतली अनोळखी माणसं आपलीच कुणीतरी आहेत असं वाटायला लागायचं.

दादा घड्याळ वापरत नसे. गल्लीत त्याला बिनघड्याळ्या म्हणत, तोंडावरसुद्धा. फोटो छापायचा म्हणजे निगेटिव्हमधून दिव्याचा उजेड कागदावर पाडायचा, मोजून इतके सेकंद. उजेड जास्त वेळ पडला तर फोटो काळवंडतो, कमी पडला तर माणसं धुक्यात उभी असल्यासारखी फिकी येतात. बाकीचे लोक यासाठी घड्याळ लावतात. आमच्या बाबांचं घड्याळ एकदा हायपोच्या, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाच्या, ट्रेमध्ये पडलं आणि कायमचं बंद झालं. त्या दिवशी त्यांनी दादाची दोन बोटं त्याच्याच गळ्यावर, जबड्याच्या खाली टेकवली आणि सांगितलं, हे मोज, हे पाण्यात पडत नाही.

तेव्हापासून दादा नाडीवर फोटो छापायचा. डाव्या हाताची दोन बोटं गळ्यावर, उजवा हात दिव्याच्या बटणावर. त्याची नाडी मिनिटाला बरोबर साठ. या गोष्टीचा त्याला केवढा तोरा होता! गिऱ्हाइकांना हातातलं घड्याळ काढायला लावून तो पैजा मारायचा आणि जिंकायचा. देवाने मला सेकंदाचा काटा आत बसवूनच पाठवलंय, असं म्हणायचा. मी म्हणायचे, मग देवाने चावी द्यायलाही कुणीतरी पाठवायचं होतं. सकाळी नऊ वाजता उठवताना माझ्या नाकी नऊ यायचे.

दुपारची गोष्ट वेगळी होती.

नाटकांचे पडदे रंगवणारा एक पेंटर आमच्याकडे फोटो मोठे करून घ्यायला यायचा. त्याने दादाला गांजाची गोडी लावली. जेवण झालं की दादा मागच्या अंगणात जायचा, नळाजवळ पालथ्या घातलेल्या खोक्यावर बसायचा आणि औषधाच्या गोल पत्र्याच्या डब्यातून चिमूटभर पाला काढून सिगारेट वळायचा. सावकाश, चार-सहा झुरके. मग भिंतीवरच्या उन्हाकडे बघत राहायचा. आत यायचा तेव्हा डोळे लालसर, आवाज मऊ, आणि चेहऱ्यावर असं हसू की याला कुणीतरी कानात काहीतरी छान सांगितलंय.

खरं सांगायचं तर मला तो दुपारचा दादा आवडायचा. सकाळचा दादा चिडका होता, कागद जरा वाकडा कापला तरी घर डोक्यावर घ्यायचा. दुपारचा दादा माझ्या टेबलाशी थांबायचा आणि म्हणायचा, "चिमणे, ही नवरी बघ. हिच्या डोळ्यात फोटो काढणारा दिसतोय." आणि खरंच, भिंगातून बघितलं की बाहुलीत इवलासा कॅमेरा दिसायचा. मी नवरा गेल्यावर त्या घरात परत आले होते. त्या दुपारी नसत्या तर मी ती वर्षं कशी काढली असती, मला माहीत नाही. म्हणून मी कधी डबा लपवला नाही. एकदाही नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझाही वाटा आहे.

दुपारी छापलेले फोटो फिके यायचे.

आधी दादा म्हणाला, कागद जुना आहे. मग डेव्हलपरचं औषध उतरलंय. मग दिवा मंद झालाय. सगळं बदललं तरी दुपारचे फोटो फिके ते फिकेच. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला फार दिवस लागले नाहीत. माझ्यासमोर, गिऱ्हाइकांच्या बाकाच्या वर, भिंतीवरचं मोठं घड्याळ होतं. सकाळी दादाचे वीस आकडे वीस सेकंदांत व्हायचे. दुपारी, झुरके मारून आल्यावर, तेच वीस आकडे तेरा सेकंदांत संपायचे. त्याला वाटायचं आपण निवांत मोजतोय. काटा सांगायचा की त्याचं काळीज धावतंय. त्याला हे कळायचं नाही, आणि मी त्याला सांगितलं नाही. मी मुकाट्याने फिके फोटो बाजूला काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यासमोर ठेवून म्हणायचे, गिऱ्हाईक जरा गडद मागतंय. गिऱ्हाइकाने काहीएक मागितलेलं नसायचं.

एकच फोटो तो सकाळी कधी छापत नसे. आईचा.

आई गेली तेव्हा तिची एकच निगेटिव्ह सापडली. स्टुडिओच्या दारात उभी, कुणीतरी हाक मारल्यामुळे मान वळवलेली. दादा दोन-तीन महिन्यांतून एखाद्या दुपारी ती काढायचा. लेन्स तीच, उंची तीच, मोजणी तीच, वीस. त्याचं म्हणणं असं की झुरके मारल्यावर ट्रेमधल्या पाण्यातून आई जशी हळूहळू वर येते, तशी एरवी येत नाही. आधी केस, मग डोळे, मग ती बघते. तो बाहेर यायचा तेव्हा गाल ओले असायचे. फोटोत आई बहुतेक वेळा फिकीच. त्याच्या मागे तो पेन्सिलीने तारीख घालायचा आणि माझ्याकडे द्यायचा. मी ते फोटो कागदाच्या रिकाम्या खोक्यात ठेवत गेले. अकरा वर्षांत त्रेपन्न आया झाल्या.

शेवटच्या वर्षी त्याला अधूनमधून छातीत धडधडायला लागलं. खोक्यावरून पटकन उठला की भोवळ यायची, मग नळ धरून उभा राहायचा. पित्त म्हणायचा. मी टोकलं की म्हणायचा, तू ठिपके भर.

मग ती दुपार आली. मी एका शाळेच्या वर्गाचा फोटो करत होते, बेचाळीस चेहरे. आत दादा मोजत होता. नऊ, दहा, अकराबारा एकदम, मग बराच वेळ काही नाही, मग तेरा. मी मान वर केली. चौदा म्हणून तो थांबला. मग पुन्हा सात म्हणाला. मग काहीच नाही.

डार्करूमच्या दारावर लाल दिवा लागलेला होता. लाल दिवा असताना दार उघडायचं नाही, हे मी चालायला शिकले तेव्हापासून मला माहीत आहे. आत उजेड शिरला की सगळा कागद काळा होतो. बाबांनी आयुष्यात मला एकदाच मारलं ते याच्यासाठी. मी दारापर्यंत गेले. हाक मारली. आतून हूं की चूं नाही. आणि मी काय केलं? मी लाल दिवा विझायची वाट बघत उभी राहिले. ट्रेमध्ये काहीतरी असेल, कागद उघडा असेल, आता विझेल, आता विझेल. समोर तेच घड्याळ होतं. मी चार मिनिटं उभी होते. माझा भाऊ फळीपलीकडे पडला होता आणि मला कागदाची काळजी होती. आजही हे आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

शेवटी मी दार ढकललं. दादा जमिनीवर बसला होता, पाठ भिंतीला, चेहरा घामाने भिजलेला, दोन बोटं अजून गळ्यावर. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "दार लाव, कागद काळा होईल."

हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाई तरुण होत्या, हळू बोलायच्या. त्यांनी दादाच्या छातीला तारा लावून ठोक्यांची पट्टी काढली. ठोके अनियमित होते, आणि पुढे तपासणीत हृदयाची एक रक्तवाहिनी अरुंद झालेली निघाली. त्यांनी विचारलं, तंबाखू? दादा म्हणाला, शिवत नाही. दारू? नाही. आणखी काही? दादा छताकडे बघायला लागला. मग म्हणाला, कधीमधी थोडा गांजा, पण तो आपला झाडाचा पाला, त्याने उलट शांत वाटतं.

मी उठले, घरी गेले आणि खोकं घेऊन आले.

डॉक्टरबाईंना आधी काही कळेना. ही बाई आईचे फोटो का दाखवतेय, असा त्यांचा चेहरा होता. मी सगळं सांगितलं. निगेटिव्ह एकच, दिवा तोच, मोजणी वीस ठोक्यांचीच. कागदाचा थोडा दोष धरला तरी बाकी फरक पडतो तो ठोक्यांच्या वेगाचा. त्यांनी पलंगाशेजारच्या टेबलावर, खिडकीच्या कठड्यावर, शेवटी दादाच्या पांघरुणावर तारखेप्रमाणे फोटो मांडले. खोलीभर आई झाली. पहिली नऊ-दहा वर्षं सगळ्या सारख्या फिक्या. मग शेवटच्या वर्षात एक अगदी पुसट, पुढची गडद, त्यापुढची पुन्हा पुसट. एकीत तर नुसते केस आणि दाराची कड. डॉक्टरबाईंनी त्या रांगेवरून बोट फिरवत नेलं. मग म्हणाल्या, "माझी पट्टी आजची आहे. ही तुम्ही अकरा वर्षांची काढून ठेवलीत."

मग त्यांनी दादाला समजावलं, मास्तरणीसारखं नाही, शेजारी बसून. गांजा ओढला की थोड्याच मिनिटांत हृदय पळायला लागतं आणि तास-दोन तास पळत राहतं. धुरामुळे त्याच वेळी रक्तात प्राणवायू कमी पोचतो. काम वाढलेलं आणि खुराक घटलेला. कुणाकुणाचं हृदय हे वर्षानुवर्षं निभावून नेतं, प्रत्येकालाच असं होतं असं काही नाही. पण तुमचं आता निभावत नाही. ओढल्यानंतरचा पहिला तास सगळ्यात धोक्याचा, आणि पुढच्या वेळी तुमची बहीण दारात वेळेवर येईलच असं नाही.

"पण मला शांत वाटायचं हो," दादा म्हणाला.

"तुम्हाला वाटायचं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हृदयाला नव्हतं वाटत."

दादाने पांघरुणावरची एक आई उचलली आणि उलटी करून ठेवली.

घरी आल्यावर पहिले काही दिवस त्याने मला सळो की पळो करून सोडलं. दादाला झोप नाही, भूक नाही, भिंतीवर माशी बसली तरी राग. ठोके ताळ्यावर ठेवायच्या गोळ्यांनी नाडी बावन्नावर आली. एका सकाळी त्याने धीर करून कामाला हात घातला, तर सगळे फोटो काळेकुट्ट. एका वकिलाचा चेहरा तर असा आला की त्याच्या बायकोनेही ओळखला नसता. दादा ते ओले कागद धरून उभा राहिला. म्हणाला, माझ्याच घड्याळाने मला दोन्हीकडून फसवलं. मी बाजारातून टिकटिक करणारं डार्करूमचं घड्याळ आणलं. त्याने दोन दिवस वापरलं आणि टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवलं. त्याच्याबरोबर श्वास घेता येत नाही, म्हणाला. आणि डार्करूमचं दार लावून घेतलं, बाहेरून.

मग त्याला स्वप्नं पडायला लागली.

डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की सोडल्यावर असं होतं. दादाला आश्चर्य याचंच वाटायचं की अकरा वर्षांत त्याला झोपेत एकही स्वप्न पडल्याचं आठवत नव्हतं. आता मात्र बांध फुटल्यासारखी येत होती. सकाळच्या चहाला तो ती मला सांगायचा. ट्रेमध्ये मासे पोहतायत आणि प्रत्येक माशाला आकडा आहे. शाळेच्या फोटोतली बेचाळीस मुलं एकेक करून बाहेर येतायत आणि मी त्यांना त्यांची धूळ परत देतेय. बाबा खांद्यावर घड्याळ घेऊन जिना चढतायत, घड्याळ ओलं आहे. मी चहा गार होईपर्यंत ऐकायचे. हळूहळू माझं ब्रश धरून गुंगणं परत आलं, आणि घरातल्या खोल्या पुन्हा जरा मोठ्या वाटायला लागल्या.

एका सकाळी तो म्हणाला, आई आली होती. दारातच उभी. म्हणाली, किती फिकी केलीस रे मला, लोकांना वाटेल आजारी होते.

त्याच दिवशी दुपारी मी भांडी ठेवायला मागे गेले, तर दादा खोक्यावर बसलेला आणि मांडीवर तो पत्र्याचा डबा. मला वाटलं होतं तो कधीच फेकला गेला. झाकण उघडं होतं. सिगारेट अजून वळली नव्हती. ओरडावं, डबा हिसकावून घ्यावा, असं फार वाटलं. पण मी त्याच्यासमोर जमिनीवरच बसले.

"ओढायची असेल तर ओढ," मी म्हणाले. "मी अकरा वर्षं अडवलं नाही, आता कुठल्या तोंडाने अडवू? पण आज दार मी उघडं ठेवणार. पुन्हा त्या लाल दिव्यासमोर मी उभी राहणार नाही, दादा. मला जमायचं नाही ते. माझं दुसरं कुणी नाही."

त्याने डब्यातला पाला बोटाने चाळवला. म्हणाला, त्याशिवाय आई वर येत नाही गं. भीती वाटते, साध्या डोळ्यांनी बघितलं आणि नुसता कागदच निघाला तर. मी म्हणाले, निघू दे कागद. मग त्याने नळ सोडला आणि डबा धारेखाली धरला. पाला मोरीच्या जाळीवर गोळा झाला. उठताना त्याने सवयीने बोटं गळ्याकडे नेली, अर्ध्यावरून परत आणली आणि माझ्यासमोर तळवा धरला.

"तुझा हात दे," तो म्हणाला.

एकोणीस वर्षांत मी पहिल्यांदा लाल दिवा लागलेला असताना दार लावून आत होते. बाहेरून वाटायचं त्याहून खोली लहान होती. सगळं लाल, ऊबदार, पाण्याखाली असल्यासारखं. दादाने निगेटिव्ह बसवली. दिव्यात आई उलटी दिसली, काळा चेहरा, पांढरे केस. त्याने कागद ठेवला, डाव्या हाताने माझं मनगट धरलं, नाडी शोधली आणि बटण दाबलं.

एक, दोन, तीन. आता ते आकडे माझे होते. भिंतीतून नाही, माझ्या हातातून येत होते. त्याची बोटं गार होती. मला बाबा आठवले, ती चार मिनिटं आठवली, आणि वाटलं की आता याने हात सोडला तर. अठरा, एकोणीस, वीस. दिवा गेला. त्याने कागद ट्रेमध्ये सरकवला आणि आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. आधी केस आले. मग डोळे. मग ती बघायला लागली.

फिकी. नेहमीइतकीच फिकी.

दादाने चिमट्याने फोटो उचलला, दिव्याजवळ धरला, माझ्याकडे बघितलं.

"काय ओढून आलीस?" त्याने विचारलं.

मी हसायला लागले आणि हसता हसता मला रडू फुटलं, ते थांबेना. दादाने मला खाली बसवलं आणि तोही भिंतीला पाठ लावून शेजारी बसला, त्या दिवशी बसला होता तिथेच. कागद अजून बराच होता. तो म्हणाला, घाई नाही, तुझं शांत झालं की दुसरा घेऊ. माझं मनगट त्याने सोडलं नव्हतं. मी दुसऱ्या हाताने त्याचं धरलं आणि मनातल्या मनात मोजायला लागले. ठोके सावकाश पडत होते, एकेक, सारख्या अंतराने.

दुसरा फोटो गडद आला. आईच्या नाकावर चष्म्याचा वण होता, आम्ही दोघंही तो विसरलो होतो. तो दादाच्या खोलीत लावलाय. फिका मी खोक्यात ठेवला, चोपन्नावा. त्याच्या मागे दादाने पेन्सिलीने तारीख घातली आहे आणि खाली लिहिलंय, वीस ठोके, चिमणीचे.